चमचा टाकला म्हणजे काय

१२ सप्टेंबर

मारिसेल म्हणाली, "आई, मी एकटी नाही लिहिणार. तुम्हीपण बसा." म्हणून बसलेय. गावच्या सभागृहात परदेशी सुनांसाठी जपानी शिकवायचा वर्ग काढलाय, तिथल्या बाईंनी तिला रोज एक पान लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, अगं मी चौथीत शाळा सोडली आणि लोकांची पोरं पाठीला बांधून हिंडले, मला ती चित्रासारखी अवघड अक्षरं कुठून यायला? तर म्हणते, मलाही येत नाहीत. म्हणजे सासू आणि सून एकाच इयत्तेत. मला हसू आवरेना. वही सहकारी संघाची आहे, मागे खताची जाहिरात. छान जाड कागद.

शिगेरूला चाळिशीपर्यंत इकडची एकही मुलगी हो म्हणाली नाही. शेतीवाल्याकडे यायला कोणी तयार नसतं. शेवटी मागच्या हिवाळ्यात फिलिपिन्सहून ही आली. आल्या आल्या बर्फ बघून रडली. आमच्या ह्यांनी तेव्हा तिला एकच वाक्य सांगितलं होतं, "राहा बिनघोर. तुझी हाडं मी उचलेन." पोरगी घाबरून शिगेरूच्या मागे लपली. मग मी समजावलं, अगं, हाडं उचलेन म्हणजे काही कमीजास्त झालं तर मी आहे पाठीशी. आमच्याकडे असंच बोलतात. ह्यांनी वर्षाकाठी चार वाक्यं बोलायची आणि त्यातलं एक हे.

आज वर्गातून उशिरा आली तेव्हा मी विचारलं, कुठे तेल विकत बसली होतीस? तिने दोन्ही हात उघडून दाखवले. मग मी तिला तेलवाल्याची गोष्ट सांगितली, पूर्वी तो बायकांच्या भांड्यात थेंब थेंब तेल ओतायचा आणि ते संपेपर्यंत गप्पा हाणायचा, म्हणून उगाच वेळ घालवला की तेल विकलं. तिने लिहून घेतलं. मला शिक्षक झाल्यासारखं वाटलं.

एक लिहायचं राहिलंच की. आमचे हे इस्पितळात आहेत. पोटात अल्सर झालाय. परवा कापणार.

१४ सप्टेंबर

कापलं आणि शिवलंही. सकाळभर लागेल म्हणाले होते, आणि मी बाकावर बसून भाताचा गोळा अर्धाही खाल्ला नव्हता तोवर बाहेर आणलं. किती बरं वाटलं. म्हणजे आत फारसं काही नव्हतंच. बाकावर शेजारी एक बाई होती, तिच्या नवऱ्याला तर सूर्य डोक्यावर येईपर्यंत आत ठेवलं होतं. मी तिला माझा उरलेला भात दिला.

डॉक्टरांनी शिगेरूला वेगळ्या खोलीत बोलावलं. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं, केस ओले. म्हणाला, "आत उकडतंय." काय म्हणाले डॉक्टर, विचारलं तर, "तेच आपलं, विश्रांती, मऊ जेवण, तू बस ना जरा." चहा गढूळ करणं म्हणतात ते हेच. ज्याला नीट चहा करता येत नाही तो पाणी नुसतं हिरवं करून पुढे ठेवतो, तसं उत्तर. लहानपणापासून त्याची सवय आहे. मारिसेलला उद्या हा शब्द सांगेन.

२७ सप्टेंबर

हे घरी आले. बारीक झालेत, पण चेहऱ्यावर ऊन आल्यासारखे दिसतात. मी अळकुड्यांचा रस्सा केला, मांस घालून. शिगेरू म्हणाला चांगल्यातलं आण, म्हणून चांगल्यातलं आणलं.

जेवताना मारिसेलने विचारलं, "आई, चमचा टाकला म्हणजे काय? डॉक्टरांनी चमचा टाकला."

एवढं सोपं. मी म्हटलं, "पूर्वीचे वैद्य चमच्याने मोजून पूड द्यायचे. रोगी हाताबाहेर गेला की आता काय मोजायचं म्हणून चमचाच टाकून द्यायचे. म्हणून कशाचाही नाद सोडला की म्हणायचं चमचा टाकला. हा शिगेरू आहे ना, ह्याला पोहायला शिकवायचा मी कधीच चमचा टाकला."

कोणी हसलं नाही. शिगेरूने उचललेली अळकुडी काड्यांतून निसटून वाडग्यात पडली आणि रस्सा त्याच्या बाहीवर उडाला. मारिसेलने तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं असेल आपण काही अडाणीपणाने विचारलं. मी म्हटलं, लाजू नकोस गं, विचारल्याशिवाय कसं कळणार.

हे म्हणाले, "तोमे सांगते ते बरोबर आहे." आणि वाडगा मारिसेलपुढे धरला, "अजून थोडं वाढ."

पहिलं तसंच होतं त्यात. पण माझं कौतुक ह्यांनी चारचौघांत केलं, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदा. म्हणून मुद्दाम लिहून ठेवलं.

४ ऑक्टोबर

यंदा देवळाची जत्रा नाही. राजवाड्यात सम्राट आजारी आहेत, म्हणून सगळीकडे गाणंबजावणं बंद. टीव्हीवर रोज तिथली नाडी आणि ताप वाचून दाखवतात. आमच्या घरी मात्र शिगेरू थर्मामीटर बघतो, झटकतो आणि मग म्हणतो, "ठीक आहे." किती ते सांगत नाही.

हिदेको सेंदाईहून पुन्हा आली. मुलगी एरवी नवीन वर्षाला तोंड दाखवते तेवढीच. बापाशी तिचं लग्नावरून जे वाजलं होतं ते तिने पाण्यात सोडलेलं दिसतं. बापाची नखं कापत बसली होती. मी म्हटलं, त्यांना हात आहेत. तर म्हणाली, असू देत.

मुळे आणायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा दोघं भाऊबहीण आत बोलत होती.

"आईला सांगायला हवं."

"आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, ताई. आज सांगितलं की उद्या गावाला आणि परवा बाबांना कळेल. बाबांना कळता कामा नये."

"आणि नंतर ती आपल्याला विचारेल तेव्हा?"

मी आत जाऊन म्हटलं, काय सांगायचंय? दोघांनी मिळून घागरभर चहा गढूळ केला. पण मी काही खुळी नाही. पुढच्या महिन्यात मला सत्तर पुरी होतायत. गरम झऱ्यावर न्यायचा बेत आहे, आम्हा दोघांना. मारिसेलला विचारलं तर ती उठून अंगणातले कपडे काढायला गेली. कपडे ओलेच होते. मी आता मान लांब करून वाट बघतेय.

१३ ऑक्टोबर

आज ह्यांनी एक वेड्यासारखं काम केलं. वाळवणीच्या मांडवातले आडवे बांबू सगळे खाली घेतले.

आमचे पर्सिमन दिसायला टोमॅटोएवढे नारिंगी, पण चवीला तुरट. झाडावरून खाल्ले तर जीभ लाकूड होते. सोलून, दोरीला बांधून, बांबूला टांगून वाळवले की मग गोड होतात, वर साखर धरते. घर त्यावरच चालतं. मांडव सासऱ्यांनी बांधला, आणि ह्यांच्या घरातले सगळे पुरुष उंच, त्यामुळे वरचे बांबू माझ्या हाताला कधी लागले नाहीत. वरच्या रांगा ह्यांच्या, खालच्या माझ्या, असंच चालत आलंय. आज बघते तर हे बिअरच्या खोक्यावर बसून दोऱ्या सोडतायत. एक गाठ सोडायची, डोळे मिटून बसायचं, मग दुसरी. शिगेरू म्हणाला मी करतो, तर त्याच्या हातावर चापट मारली.

मला मध्ये उभं केलं. म्हणाले, "हात वर कर. चवड्यांवर नको. टाचा टेकव."

मी हात वर केला. जिथे पोचला तिथे खडूने खूण केली आणि तिथेच सगळे बांबू बांधले.

मी म्हटलं, "अहो, आता तुमचं कपाळ फुटेल की रोज."

"मी वाकून चालेन."

"इतकी वर्षं सुचलं नाही ते. मी स्टुलावर चढून चढून म्हातारी झाले."

"हो. उशीर झाला," म्हणाले.

माणूस म्हातारपणी मऊ होतो म्हणतात ते खरं. मी शेजारच्या कियोला कुंपणावरून सांगितलं. तिचा नवरा तर तिला अजून सरपण फोडायला लावतो. ऐकून ती आत निघून गेली. जळली असेल.

५ नोव्हेंबर

सोलणी झाली. मारिसेलचा हात आता चांगला चालतो, देठाचा तुकडा तुटू देत नाही. तोच तुटला तर दोरी कशाला बांधायची.

फळं काळी पडू नयेत म्हणून गंधकाची धुरी देतात, ती आजवर हे द्यायचे. आज मला द्यायला लावली. "किती घेतलंस? दाखव. वारा कुठून आहे? मग कापड कुठे लावशील?" मी चिडले, म्हटलं, माझी परीक्षा कशाला, तुम्ही आहात ना. म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. मग मान हलवली.

मग टांगायला सुरुवात केली. वरच्या बांबूला मी आयुष्यात पहिल्यांदा फळ टांगलं, टाचा टेकवून. इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, अहो बघा, आणि मागे वळले.

हे खोक्यावर बसले होते. फळांकडे बघत नव्हते. माझ्या टाचांकडे बघत होते, मग हाताकडे, मग बांबूकडे. सुतार दार लावून झाल्यावर एकदा उघडून मिटून बघतो ना, तसं. मांडवात आज शिगेरू चारदा वाकला. हे एकदाही वाकले नाहीत, कारण ते आत आलेच नव्हते. ते उरलेल्या दिवसांत आत येणार नव्हते.

मी दोरी नीट केली. पुढचं फळ टांगलं. मग आणखी एक. मग म्हटलं, तुमच्यासाठी पाणी आणते, आणि घरामागे गेले.

६ नोव्हेंबर

आज काही लिहायचं नाही.

९ नोव्हेंबर

शिगेरू सहकारी संघात गेला होता. मारिसेल भात धूत होती. मी विचारलं, "तो चमचा तू कुठे ऐकलास?"

ती पाण्यात हात घालून तशीच उभी राहिली. मग रडली. शिगेरू फोनवर हिदेकोला सांगत होता, तिने ऐकलं, तिला शब्द कळला नाही. तिला वाटलं बाबा चमच्याने जेवत नाहीत म्हणून डॉक्टर रागावले. त्या जेवणानंतर शिगेरूने तिला सगळं सांगितलं आणि तोंड उघडू नकोस म्हणाला. पोटात कॅन्सर आहे. उघडून बघितलं आणि तसंच शिवलं. नवीन वर्षापर्यंत म्हणाले.

मी तिचे हात पाण्यातून काढले. गार पडले होते.

"आमच्याकडे लपवत नाहीत," ती म्हणाली. "आजोबा गेले तेव्हा पाद्री आला, सगळे भोवती बसले, आजोबा एकेकाला बोलले. इथे एका घरात सगळ्यांना माहीत, आणि सगळे एकटे. असं का, आई?"

एवढ्या म्हणी तिला शिकवल्या, ह्याला एकही आठवली नाही. मी म्हटलं, "हे बघ, मी तुला विचारलं नाही. तू मला सांगितलं नाहीस."

"शिगेरूला पण नाही?"

"त्याला वाटू दे मला माहीत नाही. तेवढाच त्याला एक धीर आहे."

ह्यांना ठाऊक आहे. शिगेरूला वाटतं ह्यांना ठाऊक नाही. आणि सगळ्यांना वाटतं तोमेला कळलं तर तिचं तोंड घसरेल. खरंच घसरतं माझं. बारशापासून घसरतंय. पण मी चार दिवस विचार केला. ह्यांना पडल्या पडल्या काय ऐकायचंय? माझी बडबड. कियोची कोंबडी, मुळ्याचा भाव, वर्गातल्या बाईंची नवी टोपी. मी गप्प झाले तर ह्यांना लगेच कळेल. तेव्हा बोलत राहायचं.

आज दुपारी एवढं बोलले की घसा बसला. हे डोळे मिटून ऐकत होते. एकदा हसलेसुद्धा, टोपीला.

२४ नोव्हेंबर

फळं आता हाताने चोळायची वेळ. एकेक घेऊन हळूहळू दाबायचं, आतला गर मऊ झाला पाहिजे, साल फुटता कामा नये. ह्यांचं अंथरूण मांडवाकडच्या खोलीत आणलंय. सरकतं दार उघडलं की रांगा दिसतात. नारिंगी रंग आता तपकिरी झालाय. ह्यांना खाववत नाही. मी एक फळ नाकाशी धरते. "अजून पंधरा दिवस," म्हणतात. नाक अजून शाबूत आहे.

आज मी पाय चोळत होते. पाय कुठले, काड्या. हे म्हणाले, "तोमे, एकदा पोट फाडून बोलू या का?"

मनात काही न ठेवता बोलायचं असलं की आमच्याकडे असं म्हणतात. ह्या माणसाच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "एकदा फाडून शिवलंय की. परत कशाला उसवताय?"

हे हसले. हसताना दुखलं, मी पाठ धरली. दुखणं थांबल्यावर म्हणाले, "तेही खरं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

२५ नोव्हेंबर

झोप लागली नाही. मी काय केलं? माणूस वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा. त्याने स्वतःहून दार उघडलं आणि मी थट्टा करून लावून घेतलं. मला वाटलं मी सांभाळतेय. पण त्यांना सांभाळून घ्यायला हवं होतं की ऐकून घ्यायला? मारिसेलचे आजोबा एकेकाला बोलले म्हणे. आमच्या ह्यांना काय बोलायचं होतं, ते मला आता कोण सांगणार.

सकाळी विचारलं, "काल काय म्हणत होतात?"

"काही नाही. कोंबडीचं काय झालं?"

मी कोंबडीचं सांगितलं.

३ डिसेंबर

माझा वाढदिवस गेल्या आठवड्यात होऊन गेला. कोणाच्या लक्षात नव्हता. मला तरी कुठे होता. आज ह्यांनी उशीखालून एक जोड मोजे काढले. जाड लोकरीचे. हिदेकोकडून आणवले असणार. "मांडवात गार असतं," म्हणाले.

बर्फ पडायला लागलंय.

८ डिसेंबर

डॉक्टर घरी आले, सुई देऊन गेले. शिगेरूने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि आत येऊन म्हणाला, "बाबा, डॉक्टर म्हणतात वसंतात बरं वाटेल." हे म्हणाले, "हो का. बरं झालं." शिगेरू बाहेर गेला. हे त्या दाराकडे बघत राहिले. लेकराने ओझं उचललंय, त्याला कसं सांगणार की खाली ठेव.

मी मांडवातून पहिलं तयार फळ आणलं. साखर धरली होती, पहिल्या बर्फासारखी. नखाएवढा तुकडा त्यांच्या ओठावर ठेवला. जीभ लावली त्यांनी.

"धुरी नीट बसली," म्हणाले.

रात्री किंवा उद्या, किंवा परवा. मला समजत होतं. रडायचं नाही ठरवलं होतं आणि पोट फाडायचंही माझ्यात बळ नव्हतं. मी त्यांचा हात धरला, ह्या वयात, दिवसाढवळ्या, आणि म्हटलं, "अहो, बांबू अगदी बरोबर उंचीवर बसलेत."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी नजर हटवली नाही.

"टाचा टेकतात?"

"टेकतात."

"मग झालं," म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी नाही बोलले. पाणी मागितलं एकदा, ते मारिसेलकडे.

१६ डिसेंबर

हे अकरा तारखेला पहाटे गेले. काल सगळे पाहुणे परतले, म्हणून आज वही काढली.

दहनानंतर हाडं उचलायची असतात. दोघांनी दोन बाजूंनी काड्या धरायच्या, एक हाड मिळून उचलायचं, पायाकडून सुरू करून डोक्याकडे जायचं, म्हणजे भांड्यात माणूस उभा राहतो. मारिसेल काड्या घेऊन मागेच उभी होती. मी म्हटलं, माझ्याबरोबर धर. तिने धरलं, खाली पडू दिलं नाही. ते म्हणाले होते ना, तुझी हाडं मी उचलेन. ते काही त्यांना जमलं नाही, उलट तिनेच त्यांची उचलली. मांडीचं हाड केवढं लांब होतं. उंच माणूस.

संध्याकाळी शिगेरू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि जमिनीला कपाळ लावलं. म्हणाला, "आई, आम्हाला आधीपासून माहीत होतं. तुला सांगितलं नाही. बाबांना कळू नये म्हणून. तुझं तोंड..." त्याने बाहीने नाक पुसलं. "बाबा काही न कळता गेले, तेवढं एक चांगलं झालं."

मारिसेल चहा ओतत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी चहा घेतला. म्हटलं, "किती हाडं मोडलीस रे तू आमच्यासाठी." आमच्याकडे कोणी जिवापाड कष्ट घेतले की असंच म्हणतात. मग तो लहानपणी रडायचा तसा रडला, आणि मी त्याची पाठ थोपटली.

१९ डिसेंबर

फळं उतरवायला घेतली. संघाची गाडी परवा येईल. आज मोजे घातले होते, पाय ऊब धरून होते.

शिगेरू टोपल्या घेऊन घाईत आत आला आणि बांबूवर कपाळ आपटलं. चांगला आवाज झाला. कपाळ चोळत म्हणाला, "बाबांना काय सुचलं होतं कोण जाणे. वसंतात हे सगळे परत वर घेतो."

मी वरच्या रांगेतलं फळ काढत होते, टाचा टेकवून.

म्हटलं, "राहू दे. वाकून चाल."